कुंपणावरचा आवाज

१

बिबट्या यायच्या आधीही ती दचकायचीच. टेबलावर फोन थरथरला की दचकायची, मागून कुणी "मॅडम" म्हटलं की दचकायची. एकदा तर स्वतःच्याच शिंकेला दचकून तिने नमुन्याच्या बाटल्यांची अख्खी रांग जमिनीवर पाडली होती. तेव्हापासून जलशुद्धीकरण केंद्रातली माणसं प्रयोगशाळेत शिरण्याआधी दहा पावलांवरून खाकरायला लागली. पंपावरचा ऑपरेटर तर मुद्दाम गाणं म्हणत यायचा. त्याचं तोंड एक मिनिट बंद राहत नसे, म्हणून त्याला सगळे रेडिओ म्हणायचे.

केंद्र शहराच्या पार टोकाला होतं. मागे तारेचं कुंपण, कुंपणापलीकडे कमरेएवढं गवत, गवत संपलं की टेकडी. ती तिथली केमिस्ट. दर दोन तासांनी पाणी आणायचं, गढूळपणा मोजायचा, क्लोरीन मोजायचं, वहीत लिहायचं. सकाळी पहिलं काम तुरटीचं. सहा काचपात्रांत तेच गढूळ पाणी, प्रत्येकात तुरटी थोडी थोडी वाढवत न्यायची आणि ढवळायचे पंखे फिरत ठेवायचे. मग ती खुर्ची ओढून बघत बसायची. घाणीचे कण हळूहळू एकमेकांना धरतात, जड होतात, खाली बसतात, आणि वर इतकं नितळ पाणी उरतं की जसं काही कधी झालंच नव्हतं. दिवसभरात तिला भीती वाटत नसे अशी ती एवढी वीस मिनिटं.

साडेबाराला बाबा यायचे, तिचा डबा घेऊन.

बाबांचे दोन्ही डोळे काचबिंदूने कडांकडून खात आणले होते. मधोमध नळीतून पाहावं एवढंच दिसायचं, तेही धुरकट. आई गेल्यावर घरात बसवेना, म्हणून डबा पोचवायचं काम त्यांनी स्वतःच अंगावर घेतलं होतं. गेटपासून प्रयोगशाळेपर्यंत एक सिमेंटची वाट होती, डाव्या हाताला निवळण टाकीची भिंत आणि उजव्या हाताला कुंपण. एकशे ऐंशी पावलं, बाबांनी मोजलेली. ती खिडकीत उभी राहून हाका मारायची आणि बाबा त्या आवाजावर, काठी टेकत, सरळ चालत यायचे.

"इकडून या, इकडून! घाबरू नका, मी आहे इथे!"

"घाबरतंय कोण?" बाबा तिकडूनच ओरडायचे. "घाबरट तू! मी तुला धीर द्यायला येतो रोज!"

रेडिओ हसायचा. तीही हसायची. ते येऊन खुर्चीत टेकले की तिचा जीव भांड्यात पडायचा.

२

बिबट्या पहिल्यांदा दिसला तो गाळ वाळवायच्या वाफ्यांजवळ, भर सकाळी दहाला. तो टाकीच्या कठड्यावरून चालत गेला, प्रत्येक कप्प्यात डोकावला, कशालाही हात न लावता खाली उतरला आणि निघून गेला.

"मोठे साहेबच की!" रेडिओ म्हणाला. "राउंड मारायचा, चेहरा पाडायचा, काम काहीच करायचं नाही."

नाव तेच पडलं. रेडिओने 'मोठे साहेब' नावाचं पान उघडलं आणि रोज व्हिडिओ टाकायला लागला. दहा दिवसांत पानाला एवढे लोक चिकटले की केंद्राचं पाणीही तेवढी माणसं पीत नसतील. केंद्र कुठे आहे, मागचं कुंपण कुठून दिसतं, साहेब किती वाजता येतात, सगळं तो हौसेने सांगायचा.

फिटरकाकांना ते पसंत नव्हतं. तीस वर्षं पाने आणि पाइप हातात धरलेला माणूस तो, बोलायचा कमी. "वाघ म्हणा नाहीतर वाघोबा म्हणा," ते म्हणाले, "खायचा तो खातोच. नावं कसली ठेवता?"

वनखात्याचा माणूस आला, ठसे बघितले. म्हणाला, "माणसाचा आवाज याला सहन होत नाही. कुंपणाच्या खांबांवर तुमचे चार भोंगे आहेतच. त्यावर कुणाचं तरी बोलणं लावून ठेवा. पण दर दोन दिवसांनी बदला. तेच तेच ऐकलं की त्याला कळतं, हा आवाज चावत नाही."

साहेबांनी, म्हणजे खऱ्या साहेबांनी, सगळ्यांना माइकसमोर उभं केलं. फिटरकाका नुसतेच खोकले. रेडिओ थांबेचना. "तुझं ऐकून बिबट्या राहू दे, कुंपणच पळून जाईल," साहेब म्हणाले आणि तिच्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही बोला. तुमचा आवाज लांब जातो."

"काय बोलू?"

"काहीही. फक्त माणसासारखं बोला."

माइक समोर आला तसं तिच्या डोक्यातलं सगळं पुसलं गेलं. एक शब्द सुचेना. शेवटी तिने डोळे मिटले, समोर ती वाट आणली, वाटेवर बाबांना आणलं आणि रोज साडेबाराला जे बोलायची तेच बोलत गेली. इकडून या, इकडून. घाबरू नका, मी आहे इथे. सावकाश. हो, हो, बरोबर येताय. अजून थोडं. सहा मिनिटं.

"झकास," साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून तो आवाज दर पंधरा मिनिटांनी कुंपणावर वाजायला लागला. बिबट्या दिसेनासा झाला. दोन दिवसांनी ध्वनिफीत बदलायची होती. साहेबांनी ते रेडिओला सांगितलं, रेडिओ म्हणाला सोमवारी बदलतो. तो सोमवार काही उजाडला नाही.

३

तीन आठवड्यांनी ती बसने कामावर येत होती. मागच्या सीटवरून तिचा स्वतःचा आवाज आला.

"इकडून या, इकडून. घाबरू नका, मी आहे इथे."

ती एवढी दचकली की शेजारच्या बाईच्या मांडीवरची पिशवी खाली पडली. मागे एक कॉलेजची मुलगी फोन बघत होती. पडद्यावर एक कुत्र्याचं पिल्लू जिना उतरायला घाबरत होतं आणि त्याला तिचा आवाज बोलावत होता. मुलीने बोट सरकवलं. आता एक बाळ पहिली पावलं टाकत होतं. तोच आवाज. पुन्हा बोट. एक नवरदेव बोहल्यावर चढायला कचरत होता. तोच आवाज, आणि त्यावर लोकांचं खिदळणं.

"मॅडम, तुम्ही तर गाजलात!" रेडिओने तिला गेटवरच गाठलं. "मी आपलं मोकळं कुंपण टाकलं होतं, 'साहेब रजेवर' म्हणून. मागे तुमचा आवाज होता. लोकांनी तेवढाच उचलला. साठ हजार जणांनी वापरलाय!"

"काढून टाक."

"माझा काढतो की. पण साठ हजारांचा कसा काढू? मॅडम, मनावर घेऊ नका, लोकांना तुम्ही कोण ते कुठे माहितीये?"

हेच तर तिला लागत होतं. तो आवाज तिने कुणासाठी काढला होता ते तिला ठाऊक होतं, आणि आता तो साठ हजार घरांत कुणाकुणाला बोलावत फिरत होता. तिने ठरवलं, बघायचं नाही. आणि रोज जेवण झालं की तासभर तेच बघत बसायला लागली. खपली काढायची सवय असते तशी.

त्यातच तिला तो व्हिडिओ दिसला.

त्यात कुंपण होतं. पण पलीकडून, गवताच्या बाजूने. तिने प्रयोगशाळेची खिडकी ओळखली, तिच्यात ठेवलेली आपली पाण्याची निळी बाटली ओळखली. तीन तरुण होते. एकाने काठीला फोन बांधून उंच धरला होता आणि फोनवर तिचा आवाज चालू होता. दुसरा पिशवीतून कोंबडीचे तुकडे काढून गवतात फेकत होता. तिसऱ्याने कुंपणाच्या तारा पकडीने तोडून भोक पाडलं होतं, कॅमेरा आतून लावता यावा म्हणून. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग गवत एका रेषेत हलायला लागलं.

खाली लोकांनी लिहिलं होतं. 'आवाज लावा, पाच मिनिटांत हजर.' 'आम्ही काल तीनदा बोलावला.' आणि एकाने लिहिलं होतं, 'आईने जेवायला हाक मारल्यासारखा येतो.'

तिने फोन तसाच नेऊन साहेबांच्या टेबलावर ठेवला.

"हे कुंपणाबाहेरचं आहे," साहेब म्हणाले. "आपल्या हद्दीत नाही."

"भोक आपल्या कुंपणाला आहे, साहेब. आणि भोंगे तरी बंद करा. त्याला आता हा आवाज म्हणजे खाणं वाटतं."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "भोंगे बंद केले आणि काही झालं, तर विचारतील, बंद का केले. चालू असताना झालं, तर निदान म्हणता येईल की उपाययोजना होती. कुंपणाचं मी वर लिहितो."

त्यांनी लिहिलं. वर पोचलंही असेल.

४

ती सहा मिनिटं एव्हाना तिला श्वासांसकट पाठ झाली होती. कुठे ती थांबते, कुठे 'सावकाश' जरा घसरतं, कुठे मागे फिटरकाकांचा खोकला ऐकू येतो. आवाज सुरू झाला की तिचे ओठ आपोआप हलायचे. आवाज संपला की नऊ मिनिटांची शांतता. त्या शांततेत ती नोंदी लिहायची.

त्या दुपारी शांतता चालू होती. तिने नुकताच आकडा लिहिला होता. आणि आवाज आला.

"दमलात का?"

तिचाच. भोंग्यातून येतो तसा पत्र्याचा नव्हता. साधा, कुणी अंगणातून विचारावं तसा. पेन हातात तसंच राहिलं. तिने कान दिला. चारही खांब डावीकडे ओळीत उभे होते. आवाज आला होता उजवीकडून, जिथे खांबच नव्हता. गवतातून. आणि जमिनीच्या बराच जवळून.

तिने लगेच सहा मिनिटांची फीत संगणकावर लावली. दोनदा ऐकली. 'दमलात का' त्यात कुठेही नव्हतं.

फिटरकाका पाइपचा तुकडा घेऊन भोकातून पलीकडे गेले. ती खिडकीतून बघत राहिली. काका वाकले, हाताने गवत चाचपलं, बराच वेळ तसेच राहिले. परत आले ते पाय आपटतच.

"फोन नाही, काही नाही," ते म्हणाले. "गवत तेवढं बसलंय. गोल. कुणी तासन् तास बसून राहावं तसं. इथल्या खिडकीकडे तोंड करून."

"तुम्हाला कसं कळलं, तोंड कुठे ते?"

काका हात पँटला पुसत म्हणाले, "गरम होतं गं पोरी ते गवत. ऊन असेल." आभाळ सकाळपासून भरलेलं होतं.

रेडिओला सगळं माहीत असायचं, तसं हेही होतं. "मॅडम, आता फोनमध्ये असं निघालंय, तुमचा आवाज टाकायचा आणि पाहिजे ते बोलवून घ्यायचं. माझ्या मेव्हण्याने तुमच्या आवाजात बायकोला शिव्या घातल्या. बसलं असेल कुणीतरी गवतात फोन घेऊन. दुसरं काय?"

दुसरं काय. तिला ते पटलं. ती शिकलेली होती, रोज पाण्याला विचारून खरंखोटं करणारी होती. न पटून चालणारच नव्हतं. फक्त एक गोष्ट ती रेडिओला बोलली नाही. 'दमलात' आणि 'का' यांच्या मध्ये एक धाप होती. धावत आलेल्याची. अशी धाप ती फोनवाली मुलं कशाला घालतील?

५

"काल तू तिकडे गवतात काय करत होतीस?" बाबांनी दुसऱ्या दिवशी खुर्चीत टेकता टेकता विचारलं.

"मी? मी खिडकीत होते."

"खिडकीतूनही हाक येत होती, ते खरं. पण तिकडूनही तूच बोलावत होतीस. लांबून. दोन्हीकडून एकदम. माझा आपला गोंधळ झाला. पाय त्या बाजूलाच वळत होते, तेवढ्यात काठी तारेला अडली म्हणून बरं."

डब्याचं झाकण तिच्या हातून सुटलं आणि फरशीवर गरगर फिरत राहिलं.

"बाबा, उद्यापासून यायचं नाही."

"का?"

"बिबट्या आहे तिकडे."

"तो मला काय खाणार? माझ्यात राहिलंय काय?"

"थट्टा नको. मी बाहेर काहीतरी खाईन. तुम्ही घरी थांबा."

बाबांनी काठी दोन्ही हातांत धरली. मग म्हणाले, "सकाळी सातला तू जातेस. संध्याकाळी सातला येतेस. मधल्या बारा तासांत मी कुणाशी बोलू? भिंतीशी? भिंतही आता दिसत नाही मला नीट." आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर तिने ऐकलं नसतं.

शेवटी तडजोड झाली. बाबांनी गेटवर वॉचमनजवळ बसायचं. वॉचमनने फोन करायचा. ती स्वतः जाऊन त्यांना हाताला धरून आणणार. आणि तिने नियम घातला. त्यांना परत गेटवर सोडायला जाताना, त्या सिमेंटच्या वाटेवर, तिने तो दोनदा समजावून सांगितला.

"लांबून माझी हाक आली तर ती मी नव्हे. तो भोंगा, नाहीतर ती गवतातली फोनवाली कार्टी. लक्षच द्यायचं नाही. मी लांबून तुम्हाला हाक मारणारच नाही आता. मी जवळ येईन आणि हळू बोलेन. जवळून, हळू. तरच ती मी."

"जवळून, हळू," बाबांनी शाळेतल्या पोरासारखं घोकलं. "लांबून ओरडली तर तू नव्हेस. जवळून, हळू. झालं पाठ."

कुंपणापलीकडे गवत जरासं हललं. वारा होता. तिने मुद्दाम झाडाच्या शेंड्याकडे बघून खात्री करून घेतली. शेंडाही हलत होता, बहुतेक.

६

चार दिवस नीट गेले. वॉचमनचा फोन आला की ती जायची, अगदी जवळ पोचल्यावर हळूच "बाबा" म्हणायची. बाबा काठी डाव्या हातात घ्यायचे आणि उजव्याने तिचं कोपर धरायचे. भोंग्यातून तीच मागे बोलावत असायची आणि दोघं तिच्याकडे पाठ करून चालायची. बाबांना त्याची गंमत वाटायला लागली होती. "बघ, ती कशी घसा फोडतेय बिचारी," ते म्हणायचे.

पाचव्या दिवशी बाराच्या सुमाराला एका फिल्टरमधून गढूळ पाणी यायला लागलं. पाणी पुढे शहरात जाणार, त्यामुळे जागचं हलता येईना. तिने वॉचमनला फोन लावला. "बाबा आले की बसवून ठेवा. मला अर्धा तास लागेल. सोडू नका एकटं."

"बसवतो, मॅडम. काळजी सोडा."

फिल्टर बंद करायला ती पंपघरात गेली, तर तिथे कुणीच नव्हतं. भोंग्यांचं बटण भिंतीवर समोरच होतं. बाहेर आवाज म्हणत होता, बरोबर येताय, अजून थोडं. तिने बटण खाली ओढलं. साहेबांना काय सांगायचं ते नंतर बघू.

सहा आठवड्यांत पहिल्यांदा केंद्रात पाण्याचा आवाज ऐकू आला. टाकीच्या कडेवरून सांडणाऱ्या पाण्याचा, एकसारखा. तिचे खांदे खाली आले. ती प्रयोगशाळेत परतली, नमुना हातात घेतला, उजेडात धरायला खिडकीशी गेली.

बाबा वाटेवर होते.

गेटच्या खोलीत वॉचमन पाठमोरा बसलेला दिसत होता, मान फोनमध्ये. मागच्या बाजूला आज पुन्हा ती मुलं आली होती, 'मोठे साहेब' थेट दाखवत होती, आणि तो दोनशे पावलांवरची गोष्ट हातातल्या पडद्यावर बघत होता.

बाबा मध्यावर पोचले होते. एकटे. पण एकट्या माणसासारखे चालत नव्हते. मान उजवीकडे, कुंपणाच्या बाजूला कललेली, जरा खाली. मधूनच डोकं हलवत होते, हो, हो करावं तसं. काहीतरी सांगत होते, थांबत होते, ऐकत होते, पुन्हा चालत होते. त्यांच्या चालीबरोबर कुंपणापलीकडे गवताची एक बारीक रेघ चालत होती.

ते भोकाशी पोचले आणि त्यांनी काठी डाव्या हातात घेतली.

तिने हाक मारली. आयुष्यात एवढ्या मोठ्याने ती कधी ओरडली नव्हती. "बाबाऽ! थांबाऽ! तिकडे नका जाऊ!"

बाबा थांबले. तोंड खिडकीच्या दिशेला वळलं. मग ते हसले, नेहमीचं थट्टेचं हसू, आणि मान खाली करून गवतातल्या कुणालातरी म्हणाले. पाण्याच्या आवाजातही तिला ते ऐकू आलं.

"ओरडला बघ तुझा भोंगा."

त्यांनी उजवा हात पुढे केला. गवतातून काहीतरी वर आलं आणि त्यांच्या तळहाताखाली येऊन थांबलं, बरोबर कोपराच्या उंचीवर. वाळलेल्या गवताच्या रंगाचं होतं, की गवतच होतं, ते तिला आजही सांगता येत नाही. बाबांनी ते धरलं. दारातून वाकून जावं तसे तारांखालून वाकले आणि पलीकडे गेले.

७

चौकशीला तीन माणसं आली होती. वॉचमन म्हणाला, बाबा सांगून गेले की न्यायला मुलगी आलीय, मी आवाजही ऐकला, म्हणून सोडलं. साहेब म्हणाले, भोंगे कुणीतरी परस्पर बंद केले होते, नाहीतर उपाययोजना चोख होती. वनखात्याच्या माणसाने ती काठी आणि तो डबा टेबलावर ठेवला. गवतात एवढंच मिळालं होतं. अहवालात लिहिलं गेलं, घटना कुंपणाबाहेरची, बिबट्याचा हल्ला. रेडिओने पान बंद केलं आणि आठवड्याने दुसऱ्या नावाने उघडलं. आवाज अजून फिरतोच आहे. परवा शेजारच्यांच्या घरातून तो एका मांजराला बोलावत होता.

"तुम्ही हाक मारलीत?" त्या तिघांतल्या एकाने तिला विचारलं होतं.

"मारली," ती म्हणाली.

खोटं नव्हतं ते. खिडकीतून एकदा मारली. त्याच्या पुढचं तिने कुणालाही सांगितलेलं नाही.

ती धावली होती. नमुन्याची बाटली हातात तशीच घेऊन ती धावत भोकापर्यंत पोचली होती, दोन मिनिटांच्या आत. आणि बाबा जिवंत होते. गवतात दिसत नव्हते, पण चार-पाच हातांवर, खाली बसल्यासारखे, बोलत होते. बसमध्ये कुणी जागाच देत नाही म्हणत होते. आज डब्याचं झाकण घट्ट बसलंय, तुला उघडणार नाही, दे इकडे, म्हणत होते. मध्ये मध्ये थांबत होते. त्या थांबण्यात कुणीतरी हळू, अगदी जवळून उत्तर देत होतं. शब्द कळत नव्हते. आवाज तिचा होता. आई गेल्यापासून बाबा इतक्या समाधानाने बोलताना तिने ऐकले नव्हते.

दोन पावलं आत टाकायची होती. जवळ जायचं होतं आणि हळू बोलायचं होतं. नियम तिनेच घालून दिला होता, आणि बाबांना तो पाठ होता.

पण तिच्या मनात एकच आलं. ते आवाजावर येतं. मी बोलले तर ते इकडे वळेल. नंतर कितीदा तरी तिने त्या विचाराला चांगले कपडे घालून पाहिले, की बाबांना धक्का बसला असता, की ते बिथरलं असतं. तसं काही नव्हतं. माझ्याकडे वळेल, एवढंच होतं.

मग गवतातली उत्तरं थांबली.

"अगं," बाबा म्हणाले, "आता गप्प का झालीस?"

टाकीवरून पाणी सांडत होतं. बाबा वाट बघत होते. त्यांनी मान फिरवली असावी, कारण पुढचं वाक्य सरळ तिच्याकडे आलं.

"इथेच आहेस ना तू?"

तिने तोंडावर हात घट्ट दाबून धरला, श्वाससुद्धा ऐकू जाऊ नये म्हणून.